पुढच्या फळीसाठी पाच किलो

आमच्या घरात फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे रेशनकार्ड असो की शेजारच्या काकांचं पेन्शन, लोक कागद घेऊन आमच्या ओटीवर यायचे. मला सगळं समजायचं असं नाही. पण समजत नाही असं म्हणायची मला लाज वाटायची. दादाचा फॉर्म मी भरला तोही अशाच मनःस्थितीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दादा वसई पूर्वेच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथल्या एका सोबत्याने त्याला मुंबईतल्या मैदानावर नेलं आणि तो रग्बीला लागला. गावात कुणालाच हा खेळ ठाऊक नव्हता. पप्पा वाडीत केळीला पाणी लावता लावता विचारायचे, "चेंडू हातात घेऊन पुढे धावायचं आणि फेकायचा मात्र मागे? मग पोचायचं कधी?" दादाचे मित्र चेंडूला शहामृगाचं अंडं म्हणायचे. मी मात्र दोनदा मैदानावर जाऊन सामना पाहिला आणि वेडी झाले. दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी खाली घालून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. दादा त्यात अगदी पुढच्या फळीत असायचा. सगळा भार त्याच्या मानेवर.

मग संघटनेचं पत्र आलं. भारताचा संघ परदेशात एका स्पर्धेला जाणार होता आणि सराव शिबिरासाठी दादाला बोलावलं होतं. मी ते तीनदा वाचून दाखवलं. आईने ते कपाटात, येशूच्या चित्रामागे ठेवलं.

पत्र वाचल्यापासून मला संघाचीच काळजी लागली. शिबिर जेमतेम दोन आठवड्यांचं. निम्मे खेळाडू लष्करातले, काही कोलकात्याचे, काही मुंबईचे. आठ माणसांनी एका दमात रेटायला आधी एकमेकांचा श्वास ओळखीचा व्हावा लागतो, हे दादाच सांगायचा. ते दोन आठवड्यांत कसं होणार? समोरचे संघ महिनोन्‌महिने एकत्र सराव करत असतील. स्क्रमच्या सरावाचं यंत्र असतं म्हणे, ते आपल्याकडे आहे की नाही हेही दादाला माहीत नव्हतं. आणि आपली माणसं हलकी. अर्थशास्त्राच्या तासाला मी वहीच्या मागे आठ गोल काढून त्यांच्या वजनांची बेरीज करत बसायचे. बेरीज कधीच पुरेशी वाटायची नाही.

पत्रासोबत आलेल्या फॉर्मवर लिहिलं होतं की पुढच्या फळीतल्या खेळाडूचं वजन किमान पंचाण्णव किलो असावं. दादा नव्वद किलोचा होता. वसई रोड स्टेशनवरच्या काट्यात नाणं टाकलं की जाड कागदाचं तिकीट यायचं, त्यावर वजन आणि मागे भविष्य. दादा सरावाहून येताना ते आणून मला द्यायचा. ताजं तिकीट माझ्यासमोरच होतं. तरी मी फॉर्मवर पंचाण्णव लिहिलं. मनात म्हटलं, शिबिराला सात आठवडे आहेत, तोवर होईल. पाकीट पोस्टात टाकून आले आणि दादाला सांगितलं.

तो हसला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. म्हणाला, "अगं, परवा राखेचा बुधवार आहे."

मी कॅलेंडर पाहिलंच नव्हतं. वसईतल्या आमच्यासारख्या घरात जन्मून मी हे विसरावं, याचं मला आजही नवल वाटतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्याकडे मांस, मासळी, अंडी सगळं बंद. आदल्या मंगळवारी रात्रीचं जेवण उरकलं की आई मटणाचं टोप राखेने घासून, उपडं करून माळ्यावर ठेवायची. ते ईस्टरलाच खाली यायचं. दादाला पाच किलो वाढवायचे होते ते नेमक्या याच चाळीस दिवसांत.

मी फादरांकडे गेले. ते म्हणाले, "कष्टाचं काम करणाऱ्याला सूट असते. तो देशासाठी खेळतोय. शुक्रवार पाळला तरी पुरे." मी धावतच घरी आले.

आई भाजी निवडत होती. "फादर म्हणाले, चालेल," मी म्हणाले.

"मग फादरांच्याच घरी जेवायला धाड त्याला," आई म्हणाली. "माझं टोप खाली यायचं नाय."

मी दादाकडे पाहिलं. तो शेंगदाणे खात होता. "राहू दे," तो म्हणाला. "आई सुकी भाजी खाणार आणि मी समोर बसून कोंबडी? घशाखाली उतरेल का?"

मग मी कॉलेजच्या ग्रंथालयातून व्यायामशास्त्राचं पुस्तक आणलं आणि तक्ता केला. सकाळी भिजवलेले हरभरे आणि सहा राजेळी केळी. दुपारी वालाची उसळ, संध्याकाळी चवळी, झोपताना दूध. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी डब्यात भरून कारखान्यात. आईला टोपाचा हट्ट होता, पण वाल ती इतके करायची की शेजारीण म्हणाली, "लग्नाचं जेवण आहे का गं?" दादा रोज संध्याकाळी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पळायचा. पप्पांचा भाजीचा टेम्पो वाडीच्या रेतीत रुतला, की बाकीच्यांना बाजूला सारून एकटाच रेटायचा. कधीकधी मला वाटतं, पप्पा तो मुद्दाम रुतवत असावेत.

पहिल्या आठवड्याचं तिकीट, नव्वद. दुसऱ्या आठवड्यात एकोणनव्वद. पळून पळून तो उलट झिजत होता. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा नव्वद, आणि तिकिटाच्या मागे, "तुमचा प्रभाव वाढत आहे." दादा म्हणाला, "प्रभाव किती किलोचा असतो, विचार की त्या काट्याला."

मला हसू येत नव्हतं. शिबिरात त्याला वजनकाट्यावर उभं करतील आणि खोटारडा म्हणून घरी पाठवतील, हेच मला दिसायचं. माझ्या अक्षरामुळे. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मी फादरांसमोर गुडघे टेकून सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "देवाने माफ केलंच. पण ज्याला खोटं लिहिलंस, त्याला खरं लिही."

मी संघटनेला दुसरं पत्र लिहिलं. माझ्या भावाचं वजन नव्वद किलो आहे, पंचाण्णव मी लिहिलं, त्याचा दोष नाही. इंग्रजी कच्चं होतं, पण शब्दकोश घेऊन लिहिलं. टाकून आल्यावर दादाला सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "आता ते बोलावतीलच कशाला मला?" एवढंच म्हणाला आणि सायकल घेऊन निघून गेला. ईस्टरला टोप खाली आलं, पण मला मटण गोड लागलं नाही.

बोलावणं मात्र रद्द झालं नाही. दादा शिबिराला गेला. तिथे काय झालं ते त्याने पत्रातून कळवलं, ते पत्र मला जवळजवळ पाठ आहे. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी त्याचा फॉर्म आणि माझं पत्र शेजारी शेजारी ठेवलं. म्हणाले, "तुझ्या बहिणीने दोन वजनं पाठवलीत. कुठलं धरू?"

दादा म्हणाला, "तिसरं धरा, सर. आता ब्याण्णव आहे."

सगळे हसले. प्रशिक्षकही हसले, पण त्यांनी त्याला सोडलं नाही. लष्करातला एकशे पाच किलोचा गडी त्याच्यासमोर उभा केला आणि दोघांना रेटायला लावलं. पाच वेळा. पहिल्यांदा दादा दोन पावलं मागे गेला. नंतरच्या चार वेळा नाही. दोन आठवड्यांनी संघाची यादी लागली, त्यात त्याचं नाव होतं.

परदेशातून फोन आला तो शेजारच्या काकांकडे. अर्धी आळी त्यांच्या दिवाणखान्यात गोळा झाली होती. मी फोन घेतला. आपण हरलो होतो, तेही मोठ्या फरकाने. माझ्या सगळ्या काळज्या खऱ्या ठरल्या होत्या. सराव कमी पडला, शेवटी दम संपला, पाठीमागचे खेळाडू एकमेकांना शोधत राहिले. हे सांगताना दादाचा आवाज बसला होता.

पप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. आयुष्यात त्यांनी रग्बीचा सामना पाहिला नव्हता. मोठ्याने ओरडून म्हणाले, कारण फोन परदेशातला होता, "स्क्रमात किती पावलं मागे गेलास?"

पलीकडून काहीतरी आलं. पप्पांनी फोन कानापासून दूर धरला आणि खोलीभर पाहिलं.

"एकपण नाय," ते म्हणाले. मग दाराशी उभ्या असलेल्या आईकडे वळून, तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून, पुन्हा म्हणाले, "एकपण नाय गेला."