श्री. चे कै.

झाशीच्या मराठी मंडळाची वेबसाइट माझ्या गळ्यात पडली ती माझ्याच जिभेमुळे. सभेत म्हणून गेले, "किती घाणेरडी दिसते हो!" सेक्रेटरी लगेच म्हणाले, "तो बेटा, आप ही सँभालो." घ्या!

सभासदांचं एकच कार्ड मी बनवलं होतं: वर 'श्री.', खाली नाव, फोन. तेच कार्ड सगळ्या सभासदांना; नाव-फोन तेवढे वेगळे. त्यात एकदा बदल केला की सगळीकडे होतो. एकाच माणसापुरता हवा असेल तर त्याचं कार्ड आधी सुटं करायचं.

बाबा रेल्वेतून निवृत्त. हल्ली विसरतात. रोज दुपारी टॅबवर ती यादी मोठ्यानं वाचतात, हजेरी घेतल्यासारखी. दतिया गेटचे काका त्यांचे मित्र. घराबाहेर बाबा मराठी बोलायचे ते फक्त त्यांच्याशी. काका मागच्या महिन्यात गेले. बाबांना सांगितलं तेव्हा दिवसभर रडले, आणि सकाळी विसरून गेले. पुन्हा सांगायचं नाही, असं मी आणि आईनं ठरवलं.

पण सेक्रेटरींचा फोन आला, काकांच्या नावापुढे कै. लावा म्हणून. नाही कसं म्हणणार? बाबांचा टॅब दोन दिवस लपवू म्हटलं, आणि लावलं. कार्ड सुटं करायचं मात्र विसरले. टॅब लपवायचाही राहिला.

दुपारी आतून बाबांचा आवाज आला. "कैलासवासी..." एक नाव. "कैलासवासी..." दुसरं. मी पोळी लाटत होते, हात थांबला. झाशीचे संपले, मऊरानीपूरचे संपले, गुरसरायचे संपले. मग त्याच सपाट आवाजात त्यांनी स्वतःचं नाव वाचलं आणि पुढच्यावर गेले.

मी धावले. बाबा शांत होते. "सगळे गेलो होय गं? मला कुणी बोललंच नाही."

"अहो बाबा, काहीतरीच काय! चूक झाली माझी." त्यांच्यासमोरच मी पुन्हा 'श्री.' केलं. यादीतले सगळे एका क्षणात परत आले. काकासुद्धा.

बाबा केवढे खुलले! "म्हणजे तोही आहे!" मी अडवायच्या आत त्यांनी काकांचा नंबर लावला. पलीकडून बाईचा तो ठरीव आवाज आला: यह नंबर मौजूद नहीं है. बाबा ऐकत राहिले. "हां जी," म्हणाले. "ज़रा उनको दीजिए." बाई तेच बोलत होती. बाबा मान डोलवत होते. तीनदा.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "देत नाहीत त्याला. तो रागावलाय माझ्यावर. मी काय केलं गं?"

हे मात्र मला सोसवेना. चुकून अख्खी यादी मारायला मला एक बोट पुरलं होतं. आता एकालाच मारायचं होतं, तेही माझ्या तोंडानं.

"बाबा, काका रागावले नाहीत. ते गेले."

"कधी?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायला लागले.