पुलावरची समन्वय बैठक

न्यायाला सीमा नसते, असं पुलावरच्या फलकावर दोन्ही राज्यांच्या भाषांत लिहिलं होतं. माझ्या शेजारणीचा नवरा नदीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला गेला आणि ठेकेदारानं त्याला डांबून ठेवलं. तिच्यासोबत मी आमच्या पोलीस ठाण्यात गेलो.

"गुन्हा तिकडचा आहे बाई, तिकडंच जा," ठाणेदार म्हणाला.

पलीकडचे पोलीस म्हणाले, माणूस तुमचा, तक्रार तिकडंच द्या.

आठवड्यानं दोन्हीकडच्या पोलीस साहेबांची पुलावर समन्वय बैठक भरली. आम्हाला मांडवाबाहेरच अडवलं. आत एकमेकांचे सत्कार चालले होते.

"हे शाली पांघरून राह्यले, माह्या माणसाले कोण आणन?" शेजारीण ओरडली. हवालदारानं तिलाच दटावलं. मला तो मांडव पेटवावासा वाटला.

नवरा त्याच दुपारी स्वतःच पळून आला. बैठकीसाठी पूल बंद होता, म्हणून नदीतून चालत आला.