मीनाक्षीबाईंची हातोडी

नव्या घरात दूध उतू जायच्या आधी मीनाक्षीबाईंची हातोडी बाहेर यायची. नवरा, चारुदत्त खांबेटे, बँकेत असल्यामुळे बदल्या पाचवीलाच पुजलेल्या. कोलकात्याच्या क्वार्टरमधली ओल आलेली भिंत बघून तर बाईंना चेवच चढला. जवळच्या बजबज गावाहून तागाचं कापड आणून त्यांनी ती झाकली, हावड्याच्या भंगारातली पितळी मूठ चिंचेने लखलखीत करून दाराला बसवली आणि जुन्या इरकली साड्यांचे पडदे टांगले. दिसेल तिथे खिळा ठोकून तसबिरी लावल्या. शेजारच्या बंगाली बायका चहाचं निमित्त काढून घर बघून जायच्या.

शहराने लळा लावला, म्हणून निवृत्तीनंतर दोघांनी इथेच स्वतःचा फ्लॅट घेतला. वर्ष उलटलं तरी भिंती कोऱ्या, आणि सगळ्या तसबिरी जमिनीवर, एकीला एक टेकून. शेवटी वैतागून चारुदत्तच हातोडी घेऊन स्टुलावर चढले. पहिला ठोका पडायच्या आत बाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"उतरा आधी खाली! ही काय बँकेची भिंत आहे, भोकं पाडायला?"