पहिल्या धारेची

नर्सनं इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिट चोळलं आणि मला सडक अर्जुनीजवळचं आमचं आंगण आठवलं. माझं पहिलं बाळंतपण अडलं होतं. बैलगाडीचे हिसके मला सोसले नसते. उरली होती ती सासऱ्यांची, पाच वर्षं भाताच्या तणसाच्या ढिगाआड पडून असलेली मोटार.

मिस्त्री सकाळपासून खपत होता. "नवं पेट्रोल टाकलं, पण कार्बुरेटरात जुनं डिंकावानी थिजलं आहे. धुवाले पयल्या धारेची मोहाची पायजे."

 मोहाची दारू प्यालेल्या माणसाला मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसू देत नसत. तेच उठले आणि भर दुपारी, गावादेखत, बाटली हातात धरून घेऊन आले.

"धू," एवढंच म्हणाले.

हँडल फिरलं. मोटार खोकली, थांबली, मग धडधडायला लागली. गोंदियापर्यंत मामाजींच्या धोतराला तोच वास येत होता. तेव्हा मला त्या वासानं मळमळलं होतं. दवाखान्यात उतरताना त्यांच्या पाया पडायचं होतं, पण वाकता आलं नाही.

"कायले हसून राहिली वं आई?" त्याच संध्याकाळी जन्मलेली माझी लेक उशाशी बसून विचारते.

मी नर्सला म्हणते, "अजून थोडं चोळ, बाई."