तिसऱ्या सिलेंडरचं खापर

हे बायकोला माहीत नाही, भावाला माहीत नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्यांना तर नाहीच. सहा वर्षं झाली. ओठांपर्यंत येतं आणि मी गिळून टाकतो. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही एक भित्रेपणाच — पण तो असू द्या, त्याच्याहून मोठा सांगायचाय.

परभणीत माझं गॅरेज आहे. मी इंजिनं बांधतो. दत्ता मेस्तरीनं इंजिन बांधलं की दहा वर्षं बघायचं काम नाही, असं लोक म्हणतात. पूर्वी हे ऐकून छाती फुगायची. आता कुणी म्हटलं की ऐकवत नाही, आणि तरीही मी हसून मान डोलावतो. माझी मलाच किळस येते, ती इथून सुरू होते.

सत्तारभाई बोरिंगवाले. इंजिनाचे सिलेंडर आतून घासून नेमक्या मापाला आणायचे, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. त्यांची एक रीत होती. बोरिंग झालं की लगेच माप घ्यायचे नाहीत. लोखंड गरम असतं, फसवतं. चारही सिलेंडर ज्यात असतात तो लोखंडी ब्लॉक रातभर थंड होऊ द्यायचे, सकाळी चहाच्याही आधी मापायचे, चारही सिलेंडरचे आकडे ब्लॉकवर खडूनं लिहायचे आणि मगच हातातून सोडायचे. गिऱ्हाइकानं कितीही घाई करू द्या. एकदा एका पुढाऱ्याची गाडी होती, तर त्याला म्हणाले, "सायब, तुमी उद्या या. लोखंडाला घाई कळत न्हाई." गेला बिचारा परत. अशा माणसाविषयी मी बोलतोय.

तर ताडकळसचा विक्रम एक जुनी टर्बोची गाडी घेऊन आला. शर्यतीत पळवायची होती. इंजिन पूर्ण उघडून ताकद वाढवायची. असलं काम आमच्याकडे रोज येत नाही, म्हणून मी हुरळून गेलो. सत्तारभाईंनी बोरिंग केलं. ब्लॉक आला तेव्हा मी स्वतः माप घेतलं — हे लक्षात ठेवा — चारही सिलेंडर खडूच्या आकड्याप्रमाणे तंतोतंत होते. केसाचाही फरक नव्हता.

आता एक गोष्ट समजून घ्या, अवघड नाही. असल्या इंजिनात पिस्टनचं डोकं भयंकर तापतं. ते गार ठेवायला प्रत्येक पिस्टनच्या खाली एक बारीक वाकडी नळी असते, ऑइल जेट. ती खालून पिस्टनच्या पोटात तेलाची धार मारत राहते. धार नेमक्या जागी लागली तर पिस्टन जगतो. नळी जराशी जरी वाकली तर धार भलतीकडे जाते. म्हणून वाकलेली नळी सरळ करून वापरायची नसते, नवीनच टाकायची असते. हे मी किती जणांना शिकवलं असेल! वर तोंड करून शिकवलं.

त्या दिवशी विक्रमचे चार मित्र आले होते. मोबाइल काढून माझा व्हिडिओ घ्यायला लागले. आणि मी — पन्नाशीचा घोडा — त्यांच्यापुढे रंगात आलो. पिस्टन वरून सोडताना एक हात खाली धरायचा असतो, पिस्टनला खाली जोडलेला कनेक्टिंग रॉड कुठे आपटू नये म्हणून. मी तो हात मोबाइलकडे करून बोलत होतो. तिसऱ्या पिस्टनच्या वेळी खालून बारीक आवाज आला. टक्. मला कळलं. त्याच क्षणी कळलं. आणि मी म्हणालो, "बसला बघा!"

ते गेल्यावर खाली वाकून पाहिलं. रॉड आपटून तिसरी नळी वाकली होती. नवीन पुण्याहून यायला चार-पाच दिवस. दसऱ्याला पूजा करून गाडी चालू करायची, असा शब्द मीच दिलेला. पण खरं सांगू? दसऱ्याचं काही नव्हतं. विक्रम थांबला असता. मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की माझा हात चुकला. तेवढं वाक्य तोंडातून निघेना. मी पकड घातली, अंदाजानं नळी सरळ केली. इंजिनाच्या बुडाचं तेलाचं चेंबर बसवण्याआधी दाबानं तेल सोडून चारही धारा बघायच्या असतात, तेही मी केलं नाही. का केलं नाही? धार चुकलेली दिसली असती म्हणून. न बघितलेलं बरं, असं वाटणारा मेस्तरी! थू.

दसऱ्याला नारळ फुटला, इंजिनाला झेंडूचा हार घातला, गाडी पहिल्या सेलला चालू झाली. सत्तारभाईंनी बोनेटला कान लावून ऐकलं आणि माझी पाठ थोपटली. महिनाभर विक्रमनं हळू चालवली, काही झालं नाही. मग पालमच्या रस्त्याला त्यानं पहिल्यांदा पूर्ण ताणली आणि इंजिन जागीच जाम झालं. गाडी ओढून आणली. मी चेंबर एकट्यानं उघडलं. तिसरा पिस्टन तापून फुगला होता आणि सिलेंडरला चिकटला होता. मी आधी ती नळी काढली आणि खिशात घातली. आणि मग विक्रमला, सत्तारभाईंना, सगळ्यांना बोलावलं.

तापून चिकटलेला पिस्टन आणि बोर टाइट म्हणून, म्हणजे सिलेंडर मापाहून अरुंद राहिला म्हणून चिकटलेला पिस्टन, दोन्ही दिसायला सारखेच. तसेच ओरखडे, तसाच काळा डाग. आणि सिलेंडर एकदा खरवडला गेला की जुनं माप काय होतं ते कुणाचा बापही सांगू शकत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. मी पिस्टन हातात धरून म्हणालो, बोर टाइट राहिलाय.

विक्रमनं बरोबर विचारलं, "मेस्तरी, तुमी बसवायच्या आधी मापलं न्हाई का?"

आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "सत्तारभाईंच्या मापावर मी कधी माप घेत नसतो." आदरानं म्हणालो. आवाज जड करून. सत्तारभाई तिथंच उभे होते. एखाद्याचा गळा कापताना त्याच्या पाया पडावं, तसं केलं मी. आज सहा वर्षांनीही ते वाक्य शब्दन् शब्द आठवतं.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडले नाहीत. त्यांनी पिस्टन घेतला, उजेडात फिरवून फिरवून पाहिला. त्यांना माझ्यावर संशयच आला नाही हो! संशय आला तो स्वतःच्या डोळ्यांवर. म्हणाले, "तीन बराबर केले अन् एकात नजर चुकली. दत्ताभाऊ, माफी असावी." माफी! माझ्याकडे! आणि मी ती दिली. "होतं असं भाई, वयच आहे," असं म्हणालो. वय हा शब्द मीच त्यांच्या डोक्यात घातला.

दोन महिन्यांत त्यांनी बोरिंग बंद केलं. मशीन नांदेडच्या कुणाला तरी देऊन टाकली. लोक काम घेऊन यायचे, तर परत पाठवायचे. दुसऱ्याच्या इंजिनाचा खेळ करायचा न्हाई, म्हणायचे. विक्रमचं इंजिन मी नवी नळी टाकून पुन्हा बांधलं. ते अजून पळतंय, आणि त्याचं कौतुक माझ्या वाट्याला येतं.

मागच्या महिन्यात सत्तारभाईंनी घरी बोलावलं. सिलेंडर मापायचं त्यांचं गेज लाकडी पेटीत जपून ठेवलेलं होतं, ते माझ्यापुढे सरकवलं. "तुमच्याकडं असू द्या. त्या दिवशी तुमी तोंडावर खरं बोललात, दुसरा बोलला नसता. आता मला कुठं दिसायलंय."

मी पेटी मांडीवर घेतली. आभार मानले.

तेवढ्यात त्यांची सून गोधडी शिवता शिवता उठून आली. सुई-दोरा पुढे करत म्हणाली, "अब्बा, एवढं ओवून द्या, मला जमंना झालंय." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि पहिल्याच फटक्यात सुई ओवून दिली. माझ्याशी बोलता बोलता. त्यांच्या काही लक्षातही आलं नाही.

माझ्या आलं. मी पेटी पिशवीत घातली, चहा संपवला आणि निघालो.