बस्ता, आत्या आणि एव्हीआयएफ

"मॅडम, पोरीच्या आत्याला फोटूच दिसंना. आमी मुद्दाम दाखवत न्हाई, असं म्हणती ती. आता बस्ता दुसऱ्या दुकानात बांधू का?"

अवसरी बुद्रुकचे नवरीचे वडील मंचरच्या साडीच्या दुकानात उभं राहून माझ्यावर डाफरत होते. मालक कांतिशेठ गल्ल्यावरून माझ्याकडेच बघत होते. दुकानाची वेबसाइट मी केलेली, म्हणजे गुन्हेगार मीच. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी. तो हातचा गेला की त्या भावकीतली पुढची लग्नंही जातात. शेठना घाम फुटला होता.

खरं तर मुळात तक्रार शेठचीच होती. डोंगराकडच्या गावांत रेंज नाही, साइट उघडता उघडत नाही. म्हणून मी जुने जेपीजी फोटो बदलून एव्हीआयएफ या नव्या फॉरमॅटमध्ये टाकले. फॉरमॅट म्हणजे फोटोची घडी घालायची पद्धत. नवी घडी छोटी बसते, फोटो झटकन पोचतो. पण ती उलगडता यायला हवी. जुन्या ब्राउझरला आपोआप जेपीजी जाईल, अशी सोयसुद्धा मी केली होती.

"आत्यांना साइटची लिंक पाठवा, तिथे दिसतील," मी म्हटलं.

"लिंक कशाला? आमच्या पोरानं साइटवरनं फोटू सेव्ह केलं अन् ग्रुपवर टाकलं की!"

माझं डोकंच फिरलं. अहो, साइट साइटवर बघायची असते! पण आमच्याकडे साडी एकट्याने कोण ठरवतं? फोटो दाबून धरायचा, सेव्ह करायचा, घरच्या ग्रुपवर ढकलायचा. पोराच्या नव्या फोनने एव्हीआयएफ मुकाट घेतलं. आत्यांच्या जुन्या फोनने हात वर केले.

"डाउनलोडचं वेगळं बटण देते. त्यातून जेपीजी येईल."

"ताई, बटण कोण दाबतंय? लोक फोटोच दाबतात," शेठ म्हणाले. "जुनंच परत टाका."

"साइट हळू चालेल."

"चालू द्या. आत्या रुसल्या तर दुकान चालायचं नाही."

तिथेच बसून, चरफडत, सगळे फोटो पुन्हा जेपीजी केले. एवढी मेहनत पाण्यात. फोटो ग्रुपवर गेले आणि लगेच आत्यांचा फोन आला. वडिलांनी स्पीकर लावला.

"दिसल्या रं दादा साड्या. पर फोटूवरनं पदर कळतोय व्हय? मी येती. माझ्याबिगर बस्ता बांधू नका."

आल्या. साइटवर नसलेलीच साडी त्यांनी पसंत केली. बस्ता कांतिशेठकडेच झाला. शेठ माझ्याकडे बघून असे हसले, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मला मात्र लई राग आला.

नवा फॉरमॅट जेपीजीची जागा घेईल का, असं अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं मला विचारतात. ब्राउझर कधीच तयार झालेत, मी सांगते. ज्यांना विचारल्याशिवाय लग्नं होत नाहीत, त्यांचे फोन अजून तयार नाहीत.