निळ्यावरचं कुंकू

"आगूदिल्ल."

उजव्या हाताचा तळवा समोरच्याच्या तोंडापुढे आडवा हलवायचा आणि हा एवढाच शब्द टाकायचा. होणार नाही. आम्हा धारवाडकरांचं भांडण मराठीत सुरू होतं आणि कन्नडात संपतं. अक्कांचं सुरूच तिथून व्हायचं. मग समोरच्याने डोकं आपटून घेतलं तरी त्या जागच्या हलायच्या नाहीत. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी बाई. असली तर जपा तिला. सोसायला जड जाते, पण जपा.

मी वकील. आयुष्य जिल्हा कोर्टात काळा कोट घालून ओरडण्यात गेलंय, त्यामुळे हट्टी माणसांचा मला वीट आहे. तरी अक्का आल्या की मी अशिलाला बाहेर बसवायची. धारवाडच्या केलगेरीत आमची घरं एकाच रस्त्यावर. माझी आई आणि त्या एकाच महिला मंडळातल्या, त्यामुळे भर ऑफिसात मला "ए वकीलीण" अशी हाक मारायचा हक्क त्यांनी परस्पर घेऊन टाकला होता.

त्या तहसील कचेरीत होत्या. लग्नानंतर लगेचच नवरा गेला, त्याच्या जागेवर लागल्या. एकदा साहेबांनी कागद पुढे सरकवला. अमुक गावच्या शाळेची पाहणी केली, इमारत ठीक आहे, करा सही.

"आगूदिल्ल, साहेब. मी गेलेच नाही तिथं."

"अहो अक्का, कोण जातं? सगळे बसल्या जागीच करतात."

"मग सगळ्यांचीच घ्या की सही."

झालं. अळणावरला बदली. अक्का स्टोव्ह आणि वळकटी उचलून गेल्या, तिथल्या बायकांना गोळा करून पापड लाटायला लावले, आणि बदली संपल्यावर होत्या तशा परत आल्या. साहेब तोवर निवृत्त झाले होते.

आता मंडळातल्या त्या निळ्या चित्राकडे येते, कारण अक्कांची खरी लढाई ती.

सुभाष रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर आमच्या मंडळाचा हॉल. फार पूर्वी एक तरुण चित्रकार इथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. एकटाच राहायचा, त्याला धड चहासुद्धा करता येत नव्हता, म्हणून दोन्ही वेळचं जेवण मंडळात. पुढे तो मुंबईला गेला आणि मोठा झाला. इतका मोठा, की नाव सांगितलं तर तुम्ही कान टवकाराल. जाताना त्याने एक भलं मोठं चित्र मंडळाला दिलं. "अन्नपूर्णांनो, हे तुमचं," म्हणाला आणि स्वतः खिळा ठोकून, ते टांगून गेला.

चित्र म्हणजे वरपासून खालपर्यंत निळं. जाड, थापलेलं निळं. मधे एक काळा फराटा आणि खाली पिवळ्याचा तुकडा. बायका आठवडाभर बघत राहिल्या. कोणी म्हणालं आभाळ, कोणी म्हणालं कोणाचं तरी पातळ वाळत घातलंय. शेवटी तेव्हाच्या अध्यक्षीणबाईंनी निकाल दिला. चित्र पूर्वेच्या भिंतीवर आहे, मास्तर जाताना अन्नपूर्णा म्हणाला, तेव्हा ही देवीच. निळं ते तिचं लुगडं. संपला विषय! पुढच्या शुक्रवारपासून हार सुरू. अख्ख्या जगात मॉडर्न आर्टला शेवंतीची वेणी मिळाली असेल तर ती आमच्याच हॉलात.

पुढचा प्रसंग आईने मला इतक्यांदा सांगितलाय की तो मी स्वतः बघितल्यासारखा वाटतो. चैत्रातलं हळदीकुंकू. अक्का सकाळपासून मागच्या खोलीत. आंबेडाळ त्यांची, पन्हं त्यांचं, ओटीचे हरभरे त्यांनीच भिजवलेले. पुढे सवाष्णी बसलेल्या. कुंकवाचा करंडा एकेका कपाळापाशी थांबत निघाला, पन्ह्याचं तबक घेऊन अक्का उभ्या होत्या तिथपर्यंत आला आणि त्यांना वळसा घालून पलीकडच्या बाईकडे गेला. विधवेला कुंकू लावायचं नाही आणि तिने कोणाला लावायचं नाही. दरवर्षी असंच व्हायचं. "कोणाच्या मनात वाईट नव्हतं ग," असं आई म्हणायची. मनात वाईट नसताना माणसं केवढं वाईट करतात, ते मी कोर्टात रोज बघते.

त्या वर्षी अक्कांनी तबक खाली ठेवलं. अध्यक्षीणबाईंच्या हातातून करंडा घेतला आणि सरळ चित्रापाशी गेल्या. पन्ह्याने ओलं झालेलं बोट कुंकवात बुडवून त्या निळ्यावर टेकवलं. टेकवलं कसलं, दाबलं! ओलं कुंकू खाली ओघळलं, चांगली वीतभर रेघ झाली.

"अय्य! अग काय करतीस हे?" अध्यक्षीणबाई ओरडल्या.

"बायकांना लावायची मला बंदी. देवीला लावायची कुठं बंदी आहे, ते दाखवा. आणि ही देवी आहे असं तुम्हीच ठरवलंय की."

मग मागून आणखी एक मोकळ्या कपाळाची बाई उठली. तिच्यामागून आणखी एक. त्या दिवशी आंबेडाळ कोणाच्या घशाखाली उतरली नाही, असं आई म्हणायची. साफ खोटं. पातेलं रिकामं झालं होतं, हे अक्कांनी मला सांगितलंय. त्यानंतर दर चैत्रात करंडा ज्यांना वगळून जायचा, त्या आपापलं बोट चित्राला लावायच्या. कोरडं कुंकू झडून जायचं, पण ओल्या बोटाची ती लांब रेघ एकट्या अक्कांची.

पुढे हॉलची दुरुस्ती निघाली. अध्यक्षीणबाईंचा पुतण्या पुण्याचा, "जपून ठेवतो" म्हणून चित्र घेऊन गेला. दुरुस्ती झाली, चित्र आलंच नाही. अक्का विचारत राहिल्या. आधी तो म्हणायचा, आणतो. मग म्हणायला लागला, "कसलं चित्र?" तोवर चित्रकार वारला होता, अध्यक्षीणबाईही गेल्या, आणि विचारणाऱ्या एकट्या अक्का उरल्या.

मग बऱ्याच वर्षांनी, एके दिवशी दुपारी मला फोन. "ए वकीलीण, स्कूटर काढ. हुबळी रोडवर, उणकलच्या पुढं ये. मी बसमधून उतरलीय."

मला वाटलं पडल्या-बिडल्या की काय. गेले तर बाई भर उन्हात कमरेवर हात ठेवून उभ्या. समोर इमारतीएवढी जाहिरात. एका बाजूला हातावरचं घड्याळ, त्याच्या किमतीत केलगेरीत घर होईल असलं. दुसऱ्या बाजूला निळं, आणि त्या निळ्यावर माणसाहून उंच लाल रेघ. खाली इंग्रजीत ओळ होती. मी मराठीत सांगितली. एका उस्तादाच्या हाताचं धाडस.

"कोणाच्या हाताचं?"

"उस्तादाच्या."

अक्कांनी आपलं बोट माझ्या नाकापुढे धरलं. "हे बोट आहे ते. वरती बघ की, ठसा एका अंगाला कसा दबलाय. विळीवर कापलं होतं ना माझं, तसंच वाकडं राहिलंय."

मी बघितलं. ठसा तसाच होता. मला हसू आवरेना. सोन्याच्या घड्याळाशेजारी आमच्या हॉलातलं पन्हं-कुंकू! थांब्यावरची माणसंही बघायला लागली. अक्का मात्र हसल्या नाहीत.

"हसतीस काय? नोटीस काढ."

काढली. चित्र कोणाकोणाच्या मालकीचं होतं ते गॅलरीने छापलेलं होतं. चित्रकाराचं कुटुंब, मग पुण्यातला खासगी संग्रह, मग मुंबईची गॅलरी, मग घड्याळ कंपनीचे मालक. आमचं मंडळ त्यात औषधालाही नव्हतं. इतकी वर्षं ज्यांनी त्या चित्राला ऊन-पावसापासून जपलं, त्या बायका त्यातून साफ गायब! अक्कांच्या मागण्या दोनच. चित्र मंडळाचं होतं असं लिहा. आणि लाल रेघ मास्तराची नाही, माझी आहे, असं लिहा. आमच्याकडे पुरावा होता. चित्र टांगून झाल्यावर त्याच्याखाली पाटावर बसून मास्तर निरोपाचं जेवतोय असा जुना फोटो. त्यात निळं आहे, काळं आहे, लाल नाही.

कंपनीची बाई विमानाने आली. तरुण, नम्र, मुंबईची मराठी. मंडळाच्या हॉलात सगळ्या जमल्या. ती म्हणाली, चित्राच्या इतिहासात मंडळाचं नाव घालू. शिवाय हा हॉल नवा बांधून देऊ. फक्त एवढं लिहून द्या, की लाल रेघ चित्रकारानेच काढली.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आताच्या अध्यक्षा माझ्याच वयाच्या. पावसाळ्यात छपराखाली बादल्या मांडून मांडून बिचारी कंटाळलेली. ती म्हणाली, "अक्का, करा की सही. रेघ कोणाची का असेना, छप्पर तर आपलं होईल." तिचंही काही चूक नव्हतं.

"आगूदिल्ल."

कंपनीची बाई हुशार होती. चिडली नाही. "मॅम, नीट विचार करा. रेघ त्यांची नसेल तर तो डाग ठरतो. आणि डाग म्हटला की साफ करतात. तुमचीच खूण जाईल."

अक्कांनी अंगठ्याने आपलं ते बोट चोळलं. मला वाटलं, आता वाकतात.

"पुसू देत," त्या म्हणाल्या. "माझं कपाळ पुसलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही निदान विचारून पुसताय, बरं आहे. पण ते मास्तराचं होतं असं मी लिहून देणार नाही. मास्तर भला माणूस, माझ्या हातचं जेवलाय. तो असता तर त्यानंही लिहून दिलं नसतं."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

पुढे काय होणार ते कळतंच. जाहिरात उतरली. चित्र साफसफाईला गेलं, असं कंपनीच्या वकिलाने दोन ओळींत कळवलं. हॉल गळका तो गळकाच राहिला. मंडळातल्या बायका अक्कांशी बोलेनाशा झाल्या. त्या चैत्रात अक्का मागच्या खोलीत गेल्या तर पन्ह्याला दुसरीच बाई बसलेली. तिने मान वर केली नाही.

अक्का घरी गेल्या, कैऱ्या उकडल्या आणि पातेलंभर पन्हं घेऊन माझ्या दारात आल्या. "पी. गूळ जरा जास्तच पडलाय."

"अक्का, वाईट वाटतं?"

"वाटतं की! न वाटायला मी काय दगड आहे? रात्री झोप येत नाही." पेला माझ्या हातात कोंबत म्हणाल्या, "म्हणून काय सही करू?"

पुढच्या थंडीत त्या गेल्या. सकाळी दूधवाल्याने हाक मारली, आतून उत्तर आलं नाही. मंडळाच्या अध्यक्षा आल्या, स्वयंपाकघरात जाऊन आल्यागेल्याच्या चहाचे पेले विसळत बसल्या. तिथेच त्यांचं रडणं ऐकू आलं. मी आत गेले नाही. मला अजूनही त्यांचा राग होता, आणि माया पण येत होती.

मध्यंतरी हायकोर्टाच्या कामासाठी बेंगळुरूला गेले. त्या चित्रकाराचं मोठं प्रदर्शन भरलंय असं कळलं. काम उरकून तशीच कोटासकट गेले. चित्र शेवटच्या दालनात होतं. एवढ्या मोठ्या पांढऱ्या भिंतीवर ते मला लहान वाटलं. आणि लाल रेघ तिथेच होती. फिकटलेली, कडेने पुसट, पण होती. वरचा ठसा अजून एका अंगाला दबलेला.

शेजारी कन्नड आणि इंग्रजीत पाटी. मालकांच्या यादीत चित्रकाराच्या नावाखाली लगेच आमचं महिला मंडळ, धारवाड. एवढं तरी नोटिशीने मिळवलं होतं. मी पुढे वाचलं. लाल डाग कुंकवाचा आहे, तो मूळ रंगात मुरला आहे, काढायला गेल्यास चित्रकाराचा निळाही निघेल, म्हणून ठेवला आहे. लावणारी व्यक्ती अज्ञात.

अज्ञात! माझी नोटीस त्यांच्या फायलीत, त्यात अक्कांचं नाव, पत्ता, सगळं. मी स्वतः लिहिलेलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पर्समधून पेन काढलं. दोन्ही भाषांतलं 'अज्ञात' खोडलं आणि वर अक्कांचं पूर्ण नाव कन्नडात लिहिलं, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. जागा पुरेना, तेव्हा आडनाव पाटीच्या काठाला वळवून घातलं. तेवढ्यात पहारेकरी बाई धावत आली. "मॅडम, मॅडम, इल्ली बरीबारदु!" इथे लिहायचं नाही म्हणून ती ओरडत होती.

"लिहून झालं," मी म्हटलं. "तक्रार करायची असेल तर माझंही नाव घ्या. सांगते, लिहा."